हंडी, तांब्या आणि पोटातला फुगवटा

तुमच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगवटा आलाय असं तुम्हाला नुकतंच कोणी सांगितलं असेल, तर आधी त्या खुर्चीतून उठा. सावकाश उठा, पण उठा. तुमच्या घरच्यांनी तुमच्यासाठी एक खुर्ची नेमून ठेवली असणार, हे मला न बघता माहीत आहे. माझी वेताची होती. ओटीवर, भिंतीला टेकवून ठेवलेली. तिच्यातून समोरचं फाटक दिसायचं आणि फाटकापलीकडचा रस्ता. जाणारे-येणारे मान वळवून बघायचे, मी अजून आहे ना म्हणून.

मी डॉक्टर नाही. वटारजवळच्या एका शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, आता आजी आहे. हे लिहितेय ते एवढ्याचसाठी की, मला तेव्हा असं सांगणारं कोणी भेटलं नाही. जे भेटले ते सगळे खुर्चीच्या बाजूचे होते.

*

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शाळेतून मोकळी होऊन मला थोडेच दिवस झाले होते आणि त्या मास्तरणीला स्वतःच्या अंगातल्या ताकदीचा भारी माज होता. त्या मास्तरणीला म्हणजे मलाच, पण तिच्याशी माझं आता फारसं जमत नाही. वाडीतून केळीचा घड खांद्यावर टाकून आणायची आणि मुद्दाम रस्त्यावरून आणायची, चार लोकांना दिसावा म्हणून. विहिरीतून पाणी शेंदताना पोहऱ्याला मध्ये विसावा द्यायचा नाही, असा तिचा नेम. कशासाठी, तर कशासाठीच नाही.

नाताळात खाण्यावर ताबा राहिला नाही. पोट दुखायला लागलं. पित्ताशयात खडे असतील म्हणून वसईला सोनोग्राफीला गेलो. तिथला डॉक्टर तरुण, बोलका. पोटावर यंत्र फिरवता फिरवता आमच्या शाळेचं विचारत होता. मग बोलायचा थांबला. यंत्र बेंबीच्या वर आलं, खाली गेलं, परत वर आलं. त्याने पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"मॅडम, सिगारेट वगैरे?"

"मी शिक्षिका आहे," मी म्हटलं.

"तंबाखू?"

"शी."

माझे यजमान पास्कू दाराशी उभे होते. भिंतीकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, ती मिश्री लावते. दिवसातून कितीदा ते विचारू नका."

"ते दात घासायचं आहे," मी म्हटलं.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. शाळेतल्या एखाद्या पोराकडे मी जशी बघायची, तसंच. मिश्री म्हणजे तंबाखू जाळून केलेली पूड, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे बायका ती लावतात, खात नाहीत. त्यामुळे कोणी विचारलं तर तोंडातून 'नाही' येतं आणि ते खोटं आहे असं वाटतही नाही. तुम्ही लावत असाल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. माझ्यासारखं नवऱ्याला सांगायला लावू नका, तो त्याचा फार आनंद घेतो.

*

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून निघालेली मुख्य नळी पोटातून खाली जाते, तिची भिंत एका जागी पातळ झालीये, तिथे ती फुगलीये. चार सेंटिमीटरच्या जरा वर.

पास्कू म्हणाले, "म्हणजे आपल्या वाडीतल्या पायपासारखं."

डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच."

त्यांना वाटलं, बरं झालं, समजलं. आम्हाला फारच समजलं होतं. आदल्याच उन्हाळ्यात आमच्या पंपाचा रबरी पाइप एका जागी लिंबाएवढा फुगला होता. पास्कूंनी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि तीन आठवडे तो चालवला. मग एका सकाळी पंप सुरू केल्या केल्या पाणी नारळाच्या शेंड्यापर्यंत उडालं. आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसून तेच बघत होतो.

पुढचं ते काय बोलले ते मला नंतर कळलं. ते म्हणाले होते, आत्ता ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. प्रेशरची गोळी चुकवायची नाही. तंबाखू बंद, कुठल्याही नावाने. जड उचलायचं नाही, श्वास कोंडून जोर लावायचा नाही. पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. आणि रोज चालायचं.

त्यातलं 'उचलायचं नाही' एवढं पास्कूंनी घरी आणलं. 'चालायचं' डॉक्टरांच्या दवाखान्यातच राहिलं.

*

घरी आल्यावर विहिरीचा दोर काढून माळ्यावर गेला. कोयता गेला. पाटा-वरवंटा गेला. दोनच दिवसांत मला कळलं की आपल्या घरात ज्याला वजन नाही अशी वस्तूच नाही. ताटसुद्धा वाढून हातात.

माझी सासू तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. आम्ही सगळे तिला आय म्हणायचो. दोर माळ्यावर गेल्यावर आयने शेजारचा दोर मागून आणला आणि स्वतः पाणी शेंदायला लागली. मी खुर्चीत. रस्त्यावरून जाणारी माणसं हे दृश्य बघायची: सून बसलीये, म्हातारी पाणी ओढतेय.

"आय, लोक काय म्हणतील?" मी म्हणायची.

"म्हनू दे. तू मेलीस तर मलाच जेवन करायला लागंल," आय म्हणायची. "त्यापरीस पानी बरं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथायचं नाही. मग रोज पपई. आणि मी संडासात गेले की पास्कू बाहेर उभे. संडास परसदारी, शेजाऱ्यांच्या कुंपणाला लागून. "जोर लावू नकोस हां," असं ते बाहेरून हळूच सांगायचे. त्यांचं हळू चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत जातं. शेजारीण नंतर मला भेटली की आधी माझ्या चेहऱ्याकडे आणि मग पोटाकडे बघायची.

आता सांगताना हसू येतं. तेव्हा मी हसत नव्हते, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. हसलं की पोट हलतं. खोकला दाबायची, शिंक नाकातच मारायची. दुपारी आडवी झाले की हात आपोआप पोटावर जायचा. मी मुळातली सडपातळ, त्यामुळे हाताखाली ठोका लागायचा. एकदा तो लागला की दुसरं काही ऐकूच येत नाही. घर मला फाटकाबाहेर सोडत नव्हतं आणि मी स्वतःला त्या ठोक्याबाहेर सोडत नव्हते. खरा कोंडवाडा तो होता. त्याला फाटकही नव्हतं.

आयच्या मात्र लक्षात आलं. एकदा ती पास्कूंना म्हणाली, "ही हसत नाय आताशी. डाक्टरला विचार, हसायला बंदी हाय का."

त्यांनी विचारलं नाही. उत्तर 'हो' आलं तर काय, म्हणून.

*

त्याच वर्षी माझ्या मुलीचं, रोझलीनचं, लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं. तारीख मात्र आधी ठरली होती त्याच्या पुष्कळ अलीकडे आली. का ते मला खुर्चीत बसून ऐकू आलं. स्वयंपाकघरात माझी धाकटी जाऊ पास्कूंना म्हणत होती, "वहिनी आहेत तोवर उरकून घेऊ." आणि पुढे, "पाण्याची हंडी मी घेईन. त्यांना नको सांगायला."

हे पाणी काय ते सांगते. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. पुढे बँड, मागे बायका गात, आणि पहिली हंडी नवरीच्या आईच्या डोक्यावर. माझ्या लग्नात माझ्या आईने आणली होती. मी दारात उभी राहून बघितली होती. तिच्या मानेवरून पाणी ओघळत होतं आणि तिने एकदाही हात वर नेला नव्हता. माझ्या मुलीची हंडी मी आणणार, हे माझ्यात इतकं पक्कं बसलं होतं की ते मी कधी ठरवलंच नव्हतं.

आणि आता ती दुसरी कोणी आणणार होती. मी जिवंत असताना, खुर्चीत बसून बघत असताना.

एका दुपारी घरचे सगळे मयताला गेले. घरी मी आणि आय, आय झोपलेली. त्या मास्तरणीच्या डोक्यात आलं की आपण उगाच घाबरतोय, एकदा पोहरा ओढून बघू. जमलं तर हंडीही जमेल. दोर आय उशाशी घेऊन झोपायची, म्हणून तिने कपडे वाळत घालायची दोरी सोडली. ओले परकर कुंपणावर टाकले. पोहरा सोडला, दात आवळले, श्वास कोंडला आणि ओढला. जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं तिने एका दमात केलं.

पोहरा अर्ध्यावर आला आणि पाठीत कळ गेली.

दोरी सुटली. मी विहिरीच्या दगडी धक्क्यावर आडवी झाले. डोळ्यांसमोर आमचा पाइप, नारळाचा शेंडा, ते उडालेलं पाणी. मनात पश्चात्ताप वगैरे काही आलं नाही. फक्त आलं की परकर कुंपणावर आहेत आणि मयताची माणसं आता इकडेच येतील.

आय कशी जागी झाली कोण जाणे. ती येऊन माझ्याजवळ खाली बसली. ओरडली नाही. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला हाक मारली. हॉस्पिटलपर्यंत माझा हात सोडला नाही. वाटेत एवढंच म्हणाली, "पोहरा आत पडला का गं?"

"पडला."

"चांगला होता."

*

फुगवटा होता तेवढाच होता. पाठीचा स्नायू आखडला होता. दोन दिवस ठेवून घेतलं. हॉस्पिटलचं गणित सारखंच: पहाटे प्रेशर, सकाळी चहाच्या नावाखाली गरम पाणी, दुपारी शेजारच्या खाटेची नातेवाईक मंडळी. सोनोग्राफीच्या खोलीत एक बाई होत्या, त्या ते गार जेल लावण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांत धरून बसायच्या. म्हणायच्या, "थांबा, जरा माणसात येऊ दे." त्या बाईंना मी अजून विसरले नाही. भीतीने पोट आत ओढलेलं असताना त्यावर कोमट काहीतरी पडणं ही काय चीज आहे, ते तुम्हाला कळेल.

मुंबईच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. मला वाटलं आता खुर्चीला पट्टाही येणार.

"रोज किती चालता?" त्यांनी विचारलं.

मी पास्कूंकडे बघितलं. पास्कूंनी कॅलेंडरकडे.

"अजिबात नाही?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी चाला म्हटलं होतं. बसून बसून प्रेशर वाढणार, वजन वाढणार, अंगातली ताकद जाणार. उद्या खरंच ऑपरेशन करायची वेळ आली तर मी कोणावर करू, या खुर्चीवर?"

"पण डॉक्टर, चालताना काही झालं तर?" पास्कू म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या खुर्चीला तेही बांधलेले होते.

डॉक्टर मऊ झाले. म्हणाले, "सपाट रस्त्याने चाला. बोलत चाला. बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं की हळू व्हा. श्वास कोंडायचा नाही, कधीच. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही."

"हसलं तर चालेल?" मी विचारलं.

"हसा की," ते म्हणाले. "का हो?"

*

आता रोज इतकं बोलायचं काय? लग्नाला इतकी वर्षं झालेली दोन माणसं. दुसऱ्याच दिवशी फाटकाशी आमचे विषय संपले. मग पास्कूंनी खिशातून रोझरीची माळ काढली. आमच्या प्रार्थनेचे दोन भाग असतात. एकाने 'नमो मरिये' सुरू करायचं, दुसऱ्याने 'पवित्र मरिये' म्हणून पुरं करायचं. ते सुरू करणार, मी पुरं करणार. माझा भाग तुटला तर थांबायचं.

पहिल्या दिवशी फाटकापासून वळणावरच्या क्रुसापर्यंत. पाय कापडाचे झाले होते. क्रुसाशी पोचलो तेव्हा प्रार्थना तुटली ती माझी नाही, पास्कूंची. 'नमो' झाल्यावर 'मरिये' यायला बराच वेळ लागला. मी हसले. पोट हललं. काही झालं नाही. मग आणखी हसले.

असं करत करत क्रूस मागे पडला, शाळा मागे पडली. पावसाळ्यानंतर आम्ही राजोडीच्या रस्त्याला लागलो आणि एके सकाळी समुद्राकाठच्या सुरूच्या झाडांपर्यंत जाऊन आलो. भीती गेली नाही, ते सांगून ठेवते. सोनोग्राफीच्या आधीचा आठवडा अजूनही तसाच जातो, मी घरातल्यांवर विनाकारण खेकसते आणि मिश्रीची आठवण येते. पण चालताना तो ठोका ऐकू येत नाही. प्रार्थनेच्या आवाजाखाली जातो.

लग्नाआधीची सोनोग्राफी झाली. फुगवटा वाढला नव्हता. मी संधी साधली.

"डॉक्टर, पाण्याची हंडी डोक्यावर घेतली तर?"

"नाही."

"अर्धी?"

"नाही."

"मी उचलायची नाही. दुसऱ्या कोणी डोक्यावर ठेवून दिली तर?"

"बाई, शाळेत पोरांनी अशी घासाघीस केली असती तर तुम्ही काय केलं असतं?"

"छडी."

"मग?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तांब्या न्या. वाकून भरायचा नाही, कोणीतरी हातात द्यायचा. आणि चालताना तोंड चालू ठेवा."

तांब्या. सगळ्या गावादेखत, बँड लावून, तांब्या. संडासाच्या डब्यापेक्षा जरा बरा एवढंच.

*

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँडवाले विहिरीशी उभे होते. भाच्यांनी पाणी शेंदून हंडी भरली आणि धक्क्यावर ठेवली, फुलांच्या माळा घालून. जाऊबाई चुंबळ घेऊन तयार. माझ्यासाठी तांब्या आयच्या हातात होता, तिने तो चिंचेने घासघासून हंडीपेक्षा लख्ख केला होता.

धक्क्याला मागून पायऱ्या, पुढून तो माझ्या खांद्याएवढा उंच. हंडी त्याच्या अगदी काठाशी. वाकायचं नव्हतं, उचलायचं नव्हतं. नुसतं खाली सरकून मान द्यायची, बस. मांडव हाकेच्या अंतरावर, दारात रोझलीन उभी. मी जाऊबाईंच्या हातातली चुंबळ कधी घेतली, डोक्यावर कधी ठेवली, मला आठवत नाही. बायकांतल्या एकीनेही अडवलं नाही. लग्नघरात नवरीच्या आईला कोण अडवणार?

पास्कू माझ्या बाजूला आले. मला वाटलं आता हात धरतील, सगळ्यांसमोर. त्यांनी हात धरला नाही. रोजच्या रस्त्यावर म्हणायचे तशा आवाजात 'नमो मरिये' सुरू केलं, त्यांचा भाग पुरा केला आणि थांबले.

आता माझा भाग.

आणि मला तो म्हणता येईना. मी हंडीसाठी आधीच छातीभर श्वास घेऊन कोंडून धरला होता. दात आवळलेले. तोंड उघडलं असतं तर ताकद गेली असती. माझं मलाच कळलं, मी कुठे उभी आहे ते. पुन्हा त्याच धक्क्याशी, त्याच दोरीला धरून.

पास्कू वाट बघत होते. घाई केली नाही.

मी श्वास सोडला. 'पवित्र मरिये' म्हटलं, शेवटपर्यंत. चुंबळ काढून जाऊबाईंच्या डोक्यावर ठेवली. आयने तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बरा जड हाय. जपून."

बँड सुरू झाला आणि मी गायला लागले. लग्नातली जी गाणी येत होती ती सगळी, एकामागून एक, मध्ये विसावा न देता. सूर कुठे, ताल कुठे. बायकांना वाटलं, आईला आनंद आवरत नाहीये. आनंद होताच. पण मी गात होते ती श्वास मोकळा राहावा म्हणून. रोझलीनच्या डोक्यावर पहिलं पाणी तांब्याचं पडलं. तिने डोळे मिटले होते, तिला कुठे कळतंय ते कशातलं होतं.

*

याला आता बरीच वर्षं झाली. आय गेली, झोपेत. तिच्या उशाशी तिचा दोर होता, तो आम्ही विहिरीला लावलाय. माझा फुगवटा आहे, थोडा वाढलाय, अजून ऑपरेशनच्या अलीकडे आहे. सुटले असं मी म्हणत नाही. साखळी लांब झालीये, आता ती सुरूंपर्यंत पोचते.

गेल्या उन्हाळ्यात जाऊबाईंच्या मुलीचं लग्न झालं. जाऊबाई अंगाने बैलासारख्या, एका हाताने हंडी उचलतील. तरी विहिरीशी त्यांनी हंडी नणंदेकडे दिली आणि स्वतः तांब्या घेतला. त्यांची नवी सून बाहेरगावची. तिने विचारलं, "मम्मी, तुम्ही हंडी नाही घेणार?"

"नाही गं," जाऊबाई म्हणाल्या. "आपल्यात नवरीच्या आईने तांब्याच न्यायचा. आणि विहिरीपासून मांडवापर्यंत गाणं थांबवायचं नाही, अपशकुन असतो. जुना रिवाज आहे आपल्या घरातला."

सुनेने माझ्याकडे बघितलं. घरातली सगळ्यांत जुनी मीच होते.

"फार जुना," मी म्हटलं.